देठाला धरून

पहाटेचे तीन बारा. कॉर्कच्या खाडीवर धुकं,
आणि काचेआड माझा स्तंभ:
घेर दोघांच्या कवेत मावणार नाही,
उंची मात्र वीतभर.
नवी पोरं हसतात, याला स्तंभ म्हणायचं?
मी म्हणते, पातेलं समजा आणि हात लावू नका.

आत मणी. खसखशीहून बारीक, पांढरे,
लाल शेवाळ उकळून, गाळून केलेले.
माझा भाऊ डोनखा बॅलीकॉटनला
ओहोटीचं शेवाळ गाडीभर आणायचा
बटाट्याच्या वाफ्यांना घालायला.
या पातेलाभर मण्यांत तीन घरं येतील
हे ऐकून तो काय बोलला असता
मला शब्दासकट माहीत आहे.
आम्ही बोलत नाही. सात वर्षं झाली.

प्रत्येक मण्यावर आकडे,
पू करणाऱ्या एका जंतूकडून उसने घेतलेले.
जंतू त्यांनी आपल्याला निःशस्त्र करायचा;
आता चोराचीच किल्ली आपल्या जुडग्यात.

वरच्या टाकीतून रस्सा येतो, गढूळ.
कधीच्या काळी मेलेल्या एका हॅमस्टरच्या पेशी,
ज्या मरायचं विसरल्या,
त्यांचं उष्टं, त्यांच्या फाटक्या भिंती, साखर, चिंध्या,
आणि त्या गर्दीत ती,
दोन हात वर केलेली, एका देठावर उभी.
मणी तिला देठाशी धरतो,
मांजरी पिलाला मानगुटीला धरते तसं.
हात मोकळेच राहतात.
बाकी सगळं वाहून जातं. धुवायचं, पुन्हा धुवायचं.

मग आंबट.
मिचेल्सटाउनच्या डेअरीत मी एकोणीस वर्षं काढली,
तिथे आंबट म्हणजे नासलं,
अख्खा टँकर ओतून द्यायचा.
इथे आंबट म्हणजे सुटलं.
पकड ढिली होते, पडद्यावरची रेघ उठते,
सरळ, चढणीला लागलेल्या बैलासारखी मान खाली घालून,
आणि मी दर वेळी श्वास धरते.
एकशेएकाहत्तर वेळा धरला आहे.

आज रेघ उतरताना अडखळली.
खाली आली, अर्ध्याच्याही खाली,
आणि पुन्हा वर निघाली.
मी फेलिमला उठवलं, कॅरिगलाइनमध्ये, झोपेतून.
दाब किती? नेहमीचा.
मग थर कुठेतरी फाटला असेल, म्हातारा झालाय तो.
पण तोवर झडप मिटली होती,
नियमात लिहिलं होतं तिथेच, तेवढ्यातच.
दुसरा उंचवटा मोरीत गेला.

मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजलं.
तीनशेच्या आसपास सलाइनच्या पिशव्या.
नियम बरोबर. झडप बरोबर. मीही बरोबर,
चौकशीत तसंच येईल.

आता साठ मिनिटं काही करायचं नाही.
जे हाती आलं ते आंबटात तसंच ठेवायचं,
म्हणजे लपलेला एखादा विषाणू असेल तर मरेल
आणि ती मरणार नाही.
साठ, एकोणसाठ नव्हे. मी घड्याळाशी बसते.

वहीत वेळ लिहिते. तीन एकवीस.
चुकलं, तीन बारा.
आमच्याकडे खोडायची रीत ठरलेली:
एकच रेघ, आडवी.
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी सही, तारीख, आणि कारण.
गिरमिटून काळं करणाऱ्याला इथे नोकरी नाही.

नोरीन कॉटर, असं लिहिते,
आणि पेन तसंच धरून बसते.
डोनखाला मी काळं केलं होतं. कारण लिहिलं नव्हतं.

बाहेर कुठल्यातरी बोटीचा भोंगा, मग काही नाही.
चार बाराला अल्क घालायचं, आंबटपणा मारायचा,
मग कॉस्टिकने मणी धुवायचे,
फाटलेला थर उकरून पुन्हा भरायचा.
फेलिम येतोय, गाडीत डोळे चोळत.
बॅलीकॉटनला पाचला उजाडायच्या आधीच माणसं उठतात.
फोन लॉकरमध्ये आहे, गाऊन काढल्याशिवाय
मिळत नाही.